कौल

मुक्तीनंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात
पारोड्याला, कुशावतीकाठच्या एका भाटात
तिसऱ्या खड्ड्यात ते कौल सापडलं.
तळहाताएवढं. कडेला बोटाची खूण,
ओल्या मातीवर कुणीतरी सहज टेकवलेली.
कायतानने ते वर दिलं, म्हणाला,
"पात्रांव, नळो."
त्र्यंबकबाबांनी वहीत लिहिलं: कौल.

मी आरेखक.
थर मोजायचे, कागदावर उतरवायचे.
अर्थ लावायचे ते त्यांनी.

रात्री देवळाच्या अग्रशाळेत
पेट्रोमॅक्सखाली त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं,
एकदा वास घेतला.
"हे घाटावरचं भाजणं आहे, पुतू.
आपण उतरून आलो. नांगर घेऊन, भाषा घेऊन.
त्याआधी इथे नुसता चिखल."
बोलताना त्यांचा आवाज कापत होता.
खोटं बोलणाऱ्याचा असा कापत नाही.

सकाळी कौलाच्या चार बोटं खाली
खुब्यांच्या शिंपल्यांचा थर लागला.
कोळसा. काळवंडलेले तीन दगड
एकमेकांकडे तोंड करून बसलेले.
मी ते काढले. अगदी मापात.
त्यांनी कागद उन्हाकडे धरला, बराच वेळ.
"नदीने आणून टाकलंय.
कौलाखाली रेघ मार, आणि खाली ठिपके दे."
ठिपके आम्ही देतो
जिथे माणूस संपतो आणि कोरी माती सुरू होते.
मी तीन दगड खोडले, ठिपके दिले.
वरून कायतान बघत होता.
"न्हंय रांदता?" त्याने विचारलं,
नदी कधी चूल मांडते का,
आणि विडी विझवून पाटी उचलली.

बत्तीस पानांची पुस्तिका मडगावात छापली.
मुखपृष्ठावर माझंच चित्र, उलटं बसवलेलं,
खूण खाली गेलेली.
मग सभा. मग भिंती.
"भूमीनेच साक्ष दिली," असं ज्याने म्हटलं
त्याने पारोडे पाहिलंही नव्हतं.
ते कौल होतं, नपुंसकलिंगी, तुटकं,
पाहता पाहता तो कौल झाला,
ज्याच्यासाठी लोक रांगेत उभे राहिले.
देवीच्या अंगाला पाकळ्या लावून विचारणारेही
तोच प्रश्न विचारू लागले.
पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे,
यावरून दोन भाऊ जेवणावरून उठले.
कायतानच्या घरावर रात्री दगड आले.
"तुम्ही नंतरचे," कुणीतरी ओरडून गेलं.
दुसऱ्या दिवशी तो बारा नळे विकत आणायला गेला.
कामाला परत आला नाही.

कौल लागला. त्यांच्या बाजूने नाही.
मला वाटलं, संपलं.
पण हरलेला सिद्धांत मरत नाही,
तो शाळेत जातो.
माझी मुलगी चौथीत मोठ्याने पाठ करायची:
"त्याआधी येथे चिखल होता."
मी शेजारच्या खोलीत पेन्सिलीला टोक करत बसायचो,
टोक झालं तरी.

शेवटचा भेटलो केप्याला, त्यांच्या ओसरीवर.
डोळ्यांत मोतीबिंदू. टेबलावर वीजबिलं,
आणि ती उडू नयेत म्हणून ते कौल.
दोन पक्षांची माणसं अजून येतात, म्हणाले,
दोघांनाही तेच हवं असतं.
मग चाचपत त्यांनी खूण शोधली.
अंगठा घालून पाहिला, मग तर्जनी.
"हे कुठलं बोट रे?"
मी तेव्हाच मोजलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.
"करंगळी. एखाद्या बाईची, नाहीतर पोराची."
त्यांनी करंगळीही घालून पाहिली. बसेना.

आतून कपबश्या वाजल्या.
"पुतू," ते म्हणाले, "ते ठिपके...
किती होते?"
बाब, ते कुणी मोजतं का, असं म्हणणार होतो.
कौल बाजूला सरकलं होतं,
बिलं एकेक करून अंगणात चालली होती.
मी ती गोळा करायला उठलो.